बेदरकारीची किंमत



सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा. १८६० च्या दंडसंहितेत त्याचे कलम २७९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २८१ झाले. आकडा बदलला, शिक्षा तीच राहिली : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० चे हजार आणि आजचे हजार यांतील अंतर आम्ही आपणांस सांगायला नको.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असे खटले बहुधा तीन वाटांनी संपतात. आरोपी गुन्हा कबूल करून दंड भरतो व घरी जातो. कोणी जखमी असेल, तर दुखापतीचे कलम न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटते. २८१ मात्र असे मिटवता येत नाही, कारण तो अपराध साऱ्या रस्त्याचा आहे. एरवी खटला पुराव्यावर चालतो. तेथे 'गाडी भरधाव होती' एवढेच म्हणून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तसे स्पष्ट केले आहे. हाकणाऱ्याने नेमके काय केले, हे पाहणाऱ्याने सांगावे लागते. पाहणारे तर पंचनाम्याच्या वेळीच पांगलेले असतात! मग संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि जखमी माणूस भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची निराळी पायरी चढतो.

कायदा कडक व्हावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु अपघाताभोवती गर्दी करणारे आपण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहणार नसू, तर वाढवलेली शिक्षाही कागदावरच राहील.