बायकोच्या नावाची एजन्सी

सरकारी बांधकाम खात्यात मी बरीच वर्षे हिशेबाच्या टेबलावर होतो. ठेकेदारांची बिले माझ्याकडून तपासून पुढे जात. त्याच काळात घरी सौभाग्यवतींच्या नावाने विम्याची एजन्सी होती. नाव तिचे, ओळखी माझ्या.

नोकरदाराच्या जोडधंद्याचा विषय निघाला की लोक वेळेचा हिशेब मांडतात. कचेरीचे काम बुडते का? माझे कधीच बुडले नाही. मात्र बिल घेऊन आलेल्या ठेकेदाराला मी सहज विचारी, "काय, मुलांसाठी एखादी पॉलिसीबिलिसी काढली की नाही?" आठ वर्षांत एकानेही नकार दिला नाही. ते माझ्या बोलण्याचे कसब आहे, असे मला खरोखरच वाटे!

वर्तणूक नियम केंद्राचे १९६४ चे, आपल्या राज्याचे १९७९ चे. बायकोने एजन्सी घ्यायला त्यांची मनाई नाही. पण ती सरकारला कळवावी लागते, आणि नवऱ्याने तिच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणे हा नियमभंग ठरतो. मी कळवले नव्हते, आणि गिऱ्हाईक तर सगळे मीच आणलेले. अधूनमधून कथा-कविता लिहायला किंवा बिनमोबदला समाजकार्य करायला मात्र आधी परवानगी लागत नाही. साहेबांची कविता हाताखालच्यांना ऐकावीच लागते, हा भाग वेगळा.

पुढे माझी बदली झाली. वर्षभरात त्यातल्या बहुतेक पॉलिसी हप्ते न भरल्याने बंद पडल्या. रस्त्याच्या मोऱ्यांची कामे घेणारा एक लहान ठेकेदार होता. त्याच्या घरी मी मुद्दाम गेलो. म्हटले, "हप्ता चुकवू नका, भरलेले पैसे बुडतील." त्याने चहा मागवला. अगदी आदराने म्हणाला, "भाऊसाहेब, ते पैसे मी तेव्हाच कामाच्या खर्चात धरले होते."

घरी येऊन पत्नीला सांगितले. ती हप्त्यांची वही घेऊन बसली होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, "खर्चात धरले म्हणजे बिलात लावले ना?"

ती बिले मीच तपासली होती.