सिंहांचं शेवटचं बिऱ्हाड

सर्कस आणि मराठी माणूस यांचं नातं जुनं आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली देशी सर्कस उभी केली. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी तर थेट अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणापर्यंत मजल मारली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. त्या सोबत्यांचं पुढं काय झालं, हे आपण क्वचितच विचारतो.

ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ शिकवायचे नाहीत, दाखवायचेही नाहीत. सर्कसवाले कोर्टात गेले. २००० साली केरळ उच्च न्यायालयात हरले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदी कायम ठेवली. कागदावर जनावरं सुटली. पण सुटून जायचं कुठं?

जंगलात? ज्याला जन्मापासून गजांतून मांस मिळालं, तो शिकार कधी शिकणार? माणसाचं भयही त्याला ठाऊक नाही. भूक लागली की सरळ वस्तीकडं येईल. शिवाय सर्कशींमध्ये आफ्रिकी आणि आशियाई सिंहांची सरमिसळ झालेली. असे सिंह गीरमध्ये सोडले असते, तर तिथला वंश बिघडला असता. म्हणून बंगळूरजवळ बनेरघट्टा, चेन्नईजवळ वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणी त्यांच्यासाठी बचाव केंद्रं उभी राहिली.

सिंहाचं बिऱ्हाड हलवणं सोपं नसतं. प्रवासाची पेटी आधी काही दिवस पिंजऱ्याला लावून ठेवतात आणि खाणं तिच्यातच देतात, म्हणजे तो आपल्या पायांनी आत जायला शिकतो. नव्या जागीही एकदम मोकळं सोडत नाहीत. आधी छोटी कोठडी, मग लहान आवार, मग झाडीचं मोठं आवार. शेजाऱ्याची ओळख जाळीआडून, वासानं. आणि दार उघडलं की तो धावत सुटेल, असंही नाही. वर्षानुवर्षं कोंडलेलं जनावर मैदानातही एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालत राहतं. पिंजऱ्याचं माप पायांत भिनलेलं असतं. पुनर्वसन हा शब्द आपल्या कानांत बसला तो धरणग्रस्तांमुळे. ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्या म्हाताऱ्यांना विचारा. नव्या वसाहतीतही त्यांचे पाय जुन्या नदीकडंच वळतात.

आठवड्यातून एक दिवस सिंहाला खायला देत नाहीत. जंगलात तरी रोज शिकार कुठं मिळते? पोटाला तेवढा विसावा. रोजा म्हणा, एकादशी म्हणा! दात झिजलेल्या म्हाताऱ्यांना बिनहाडाचं मांस देतात.

या केंद्रांच्या दोन अटी होत्या. प्रेक्षक नाहीत, आणि पिल्लं नाहीत. पहिली अट ऐकून मला बरंच वाटलं. जन्मभर टाळ्या ऐकल्यावर थोडी शांतता हवीच. दुसरी मात्र टोचली. फारसी, अरबी, कानडी, संस्कृत अशा सरमिसळीवर पोसलेल्या मराठीत मी कविता लिहितो. तुझ्यात मिसळ आहे म्हणून तुझा वंश पुढं नको, हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. तरीही निर्णय योग्यच होता, असं मी मानतो. जन्मणाऱ्या प्रत्येक छाव्याच्या वाट्याला पुन्हा आवारच आलं असतं, आणि त्याच्यापायी पिंजऱ्यात ताटकळणाऱ्या दुसऱ्या एखाद्याची जागा गेली असती. भाषेचा न्याय जनावरांना लावता येत नाही.

बंदिवासातला सिंह साधारण वीसेक वर्षं जगतो. १९९८ साली स्टुलावर बसून पंजा उचलणारे ते सिंह आता राहिलेले नाहीत. बनेरघट्ट्याला आता माणसांच्या वस्तीजवळ सापडलेले, जखमी झालेले बिबटे येतात. ज्यांना परत सोडता येत नाही, त्यांच्यासाठीही पहिल्या दिवशी तीच छोटी कोठडी असते, आणि जाळीपलीकडं एक अनोळखी शेजारी.