ब्रायटनचे कॅसल इन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात कॅसल स्क्वेअर नावाचा चौक आहे. हे नाव किल्ल्यावरून आलेले नाही. इथे एक मद्यगृह होते, ‘कॅसल इन’. चौकाला नाव देऊन ते नाहीसे झाले. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

ब्रायटन पूर्वी कोळ्यांचे गाव. १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी गाठींच्या विकारावर समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा लॅटिन प्रबंध छापला आणि श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. सकाळी समुद्रस्नान, आणि ते खारे पाणी प्यायचेसुद्धा! पण संध्याकाळी काय करायचे? सॅम्युएल शेरगोल्डच्या कॅसलने ती अडचण ओळखली. १७६६ मध्ये वास्तुकार जॉन क्रंडेन यांच्याकडून तिथे भव्य नृत्यदालन बांधून घेतले गेले. लगेच पुढच्या वर्षी ‘ओल्ड शिप’ या प्रतिस्पर्ध्यानेही आपले दालन उभारले. मात्र दोघांनी आठवड्याचे वार वाटून घेतले, समारंभप्रमुखही एकच ठेवला. धंद्यातली ही समज मला फार मोलाची वाटते. ब्रायटनला शहरपण आले, त्यात या दोन दालनांचा वाटा राजवाड्याइतकाच आहे.

राजवाडा आला तो नंतर. युवराज जॉर्ज १७८३ मध्ये पहिल्यांदा ब्रायटनला आला. पुढे कॅसलच्या शेजारीच त्याचे घुमटांचे रॉयल पॅव्हेलियन वाढत गेले. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांचे इस्पितळ झाले, तेच हे पॅव्हेलियन. राजा झालेल्या जॉर्जने अखेर कॅसल विकत घेतले आणि पाडले. नृत्यदालन तेवढे ठेवले आणि त्याचे खासगी प्रार्थनामंदिर केले. १ जानेवारी १८२२ रोजी त्याचा विधिवत अभिषेक झाला.

त्या अभिषेकानेच दालन वाचले. १८५० मध्ये व्हिक्टोरिया राणीने पॅव्हेलियन शहराला विकले, तेव्हा चर्चने दावा सांगितला, की पवित्र केलेली वास्तू आमची आहे. मग अख्खे दालन सुटे करून चढावरच्या माँटपेलियर प्लेसला नेले, आणि १८५१ मध्ये ते सेंट स्टीफन्स चर्च म्हणून पुन्हा उभे राहिले. राजाने हौसेपायी गावाची बैठक मोडली आणि चर्चने हट्टापायी तिचा एक तुकडा राखला. मी चर्चच्या बाजूचा आहे.

१९३९ मध्ये चर्चही बंद झाले. पुढे काही काळ तिथे कर्णबधिरांच्या संस्थेचे काम चाले, आणि नंतर बेघरांसाठी दिवसाचे आसरा-केंद्र सुरू झाले. म्हणजे दाराशी आलेल्याला आत घेणे, त्याला खाऊ-पिऊ घालणे हा मूळ व्यवसाय त्या भिंतींनी पुन्हा स्वीकारला.

ब्रायटनला गेलात तर पॅव्हेलियन जरूर पाहा. तिथे वेळ जाईलच, पण थोडा राखून माँटपेलियर प्लेसचा चढही चढा. कॅसल इनचे जे काही उरले आहे, ते तिथे आहे.