उपनगराचें शहर होतांना

ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठीं संध्याकाळीं जी वृद्ध मंडळी येऊन बसतात, त्यांच्या बोलण्याचा एक ठरलेला विषय असतो. तो म्हणजे पूर्वीचें ठाणें. घोडबंदर रस्त्याला तेव्हां भातशेती होती, रात्रीं लौकरच बाजारपेठ निजत असे, आणि स्टेशनावर उतरलेला पाहुणा कोणाकडे आला हें टांगेवाल्यास न विचारतां समजे. या बोलण्यांत थोडी अतिशयोक्ति असेलही. परंतु गांवाचें शहर होतांना कांहीं मिळतें व कांहीं हातचें जातें, एवढें सत्य त्यांत खास आहे. त्या जमाखर्चाचा हिशेब एकदां शांतपणें मांडण्यासारखा आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यासच येऊन थांबली. अंतर एकवीस मैल, म्हणजे सुमारें ३४ किलोमीटर. तरीही त्यानंतर शंभर वर्षें ठाणें आपल्या चालीनेंच चाललें होतें. १८९३ सालीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें, तें गांवांतील वाचनप्रिय माणसांच्या हौसेनें. १९६१ च्या खानेसुमारींत वस्ती एक लाखाच्या आसपास होती. पुढच्याच वर्षीं वागळे इस्टेटमध्यें औद्योगिक वसाहतीचें काम सुरू झालें. १९८२ सालीं महानगरपालिका आली आणि भोंवतालचीं गांवें हद्दींत घेतलीं गेलीं. २०११ च्या खानेसुमारींत हाच आंकडा १८ लाख ४१ हजारांवर गेलेला दिसतो.

हीं माणसें आलीं तीं केवळ हौसेनें नव्हे. गिरगांव, लालबाग, परळ येथील चाळींतल्या एका खोलींत आईबाप व दोन भाऊ यांचा संसार कसाबसा मावत असे. थोरल्याचें लग्न झालें कीं धाकट्याची पथारी गॅलरींत जाई. आणि धाकट्याचें लग्न ठरलें कीं दोघांपैकीं एकानें बाहेर पडावें, हें ओघानेंच येई. मग पदरचा पैसा जेथें पुरेल त्या स्टेशनावर त्यानें उतरावें. प्रथम ठाणें, तें महागलें तेव्हां डोंबिवली, कल्याण, आणि पुढें बदलापूर. अशा घरांतील सुनेला विचारावें. स्वतःचें दार, घरांतच नळ व मोरी, मुलीला अभ्यासापुरता एक कोपरा, या गोष्टींचें मोल तिला ठाऊक असतें. ज्या इमारतींनीं भातशेती गिळली, त्यांतच कोणाचा तरी पहिला स्वतंत्र संसार उभा राहिला, हें हळहळणाऱ्यांनीं विसरूं नये.

मात्र त्या घराची किंमत केवळ रुपयांनीं फिटत नाहीं. ठाण्याहून मुंबईच्या टोकापर्यंत लोकलनें जाण्यास सुमारें एक तास लागतो. रिक्षासाठीं उभें राहणें आणि पुलावरील रेटारेटी धरली, तर जाऊन येऊन तीन तास सहज मोडतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा तास. वर्षाच्या पन्नास आठवड्यांचे नऊशें तास, म्हणजे रात्रंदिवस मिळून साडेसदतीस दिवस! बाप निघतो तेव्हां मूल निजलेलें असतें, आणि परततो तेव्हां निजावयास निघालेलें असतें. आतां पुष्कळ घरांतून आईही त्याच गाडीनें जाते व परततांना गाडींतच भाजी निवडते. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दाराशीं लोंबकळत जाणारे प्रवासी धांवत्या गाड्यांतून खालीं पडले, आणि कांहींचे प्राण गेले. तीं माणसें कोणत्याही साहसास निघालीं नव्हतीं; तीं कामावर निघालीं होतीं.

पाण्याचेंही असेंच आहे. तलावांचें शहर म्हणून ठाण्याची ख्याति आहे. परंतु पिण्याचें पाणी भातसा, उल्हास या नद्यांवरून दूरवरून आणावें लागतें. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. सातव्या मजल्यावर तोटी सोडून दात घासणाऱ्यास त्या पाड्यावरील हंडा दिसत नाहीं. दिसला तर तोटी आपोआप आवळली जाईल.

मग या शहरांत राहावयाचें कसें? रेल्वेनें गाड्या वाढवाव्या, सरकारनें कामधंदे घरांजवळ आणावे, ही मागणी रास्तच आहे आणि ती नेटानें केली पाहिजे. परंतु रात्रीं येऊन निजावें व पहांटे निघावें एवढाच ज्या ठिकाणाशीं संबंध, तें शहर नव्हे, ती धर्मशाळा होय. आणि धर्मशाळेच्या गटाराची चिंता कोणी वाहत नाहीं. चाळींत शेजार आयता मिळे. बंद दारांच्या इमारतींत तो जोडावा लागतो. डोंबिवलींत १९९९ सालीं गुढीपाडव्यास नववर्षाची स्वागतयात्रा निघाली. तींत गांवोगांवाहून येऊन वसलेलीं माणसें एका रस्त्यावरून बरोबर चाललीं, आणि ती प्रथा पुढें अनेक गांवांनीं उचलली. वर्षांतील एक दिवस जें साधतें, तें आठवड्यांतील एका रविवारीं साधणें अशक्य नाहीं. त्या दिवशीं मुलाचा हात धरून ग्रंथालयांत जावें, तलावाला एक फेरी घालावी, आणि समोरच्या दारावरील पाटी नुसती न वाचतां घंटा वाजवून त्या नांवाच्या माणसाची ओळख करून घ्यावी. साडेसदतीस दिवस गाडीनें नेले. पन्नास रविवार अजून घरच्या हातीं आहेत.