तीन महिन्यांची शपथ



आजचा ज्युबिलीचा दिवस आनंदाचा खरा. परंतु ज्या घरची मजुरी चुलीपर्यंत न पोहोंचतां गुत्त्यावरच सरते, त्या घरास आनंद कसला?

डब्लिन शहरच्या मॅट टाल्बट या मजुराचें चरित्र पाहा. १८५६ सालीं जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षीं मद्यविक्रेत्याकडे नोकरीस लागला आणि तेथेंच व्यसनांत सांपडला. १८८४ सालीं एके दिवशीं त्याच्या हातीं पैसा नव्हता. ज्या सोबत्यांना त्यानें आजवर पाजली, त्यांपैकीं एकानेंही त्यास विचारलें नाहीं. तो घरीं परतला आणि धर्मगुरूंपुढें त्यानें शपथ घेतली, ती केवळ तीन महिन्यांची! पुढें सहा महिन्यांची, शेवटीं आमरण. तो नित्य पहांटे मिस्सा ऐकून कामास जाई. जुनीं देणीं त्यानें फेडलीं. १९२५ सालीं मिस्सेस जातांनाच त्याचें देहावसान झालें. १९७५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्यास ‘पूजनीय’ ठरविलें.

बंधूंनो, जन्माची शपथ झेपत नसेल, तर तीन महिन्यांची घ्या. व्यसन मुरलें असल्यास तो रोगच होय. डॉक्टरांचेंही साह्य घ्या. आणि लग्नसमारंभीं आग्रहानें पेला पुढें करणाऱ्यांनो, तुमच्या हातून कोणाची शपथ मोडूं नये, एवढें सांभाळा.