बोटांनी वाचणाऱ्यांचा संगणक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अपंगांच्या हक्कांवर मी बोलावे अशी संयोजकांची सूचना होती. विषय इतका विस्तृत आहे की त्यावर बोलणारा बहुधा सदिच्छांपाशीच थांबतो. म्हणून मी एकच यंत्र निवडले आहे. त्याचे नाव ब्रेल डिस्प्ले.

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर हे यंत्र ब्रेल लिपीत बोटांखाली आणून ठेवते. चपटी पेटी, तिच्यावर वीस, चाळीस किंवा ऐंशी घरांची एक ओळ आणि प्रत्येक घरात आठ बारीक खुंट्या. अक्षरानुसार काही खुंट्या वर येतात, काही खाली राहतात. ओळ वाचून झाली की कळ दाबायची. त्याच खुंट्या पुढचा मजकूर घेऊन उभ्या राहतात.

आता संगणक बोलू लागला आहे, मग बोटांनी वाचायचे कशाला, असे कुणी विचारील. हा प्रश्न डोळसांनाच सुचतो. रेडिओ आला म्हणून आपण मुलांना बाराखडी शिकवणे सोडले नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कानाला निसटतो, बोटाला निसटत नाही. ज्याने जन्मभर केवळ ऐकले त्याला शुद्धलेखन कोठून येणार? आणि ज्यांना दिसतही नाही व ऐकूही येत नाही, त्यांना तर संगणकाकडे जाण्याचा हाच एक रस्ता आहे. पुष्कळ संकेतस्थळे समोरचा माणूस आहे की यंत्र, याची परीक्षा घेतात. त्यासाठी चित्र दाखवतात, चित्र दिसत नसेल तर ध्वनी ऐकवतात. अंध आणि बधिर असलेल्या नागरिकाने काय करावे? त्या परीक्षेच्या हिशेबी तो माणूसच ठरत नाही.

ही अडवणूक नवी नाही. लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. पॅरिसच्या ज्या शाळेत तो शिकला आणि शिकवीत होता, तिनेच तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली. तोवर ब्रेलला जाऊन दोन वर्षे झाली होती. विद्यार्थ्यांनी ती लिपी केव्हाच आपलीशी केली होती. डोळस शिक्षकांना मात्र आपल्या डोळ्यांना वाचता येतील अशी उठावाची रोमन अक्षरे हवी होती. सोय कोणाची पाहायची, हा वाद तेव्हाचा आहे आणि आजही मिटलेला नाही.

प्रथम किमतीचा विचार करू. रूढ पद्धतीच्या डिस्प्लेत प्रत्येक खुंटीखाली पिझोविद्युत पदार्थाची एक पट्टी असते. सुमारे दोनशे व्होल्ट दाब दिला की ती वाकते आणि खुंटी उचलते. चाळीस घरांचे यंत्र म्हणजे अशा ३२० पट्ट्या. त्या तयार करणारे कारखाने जगात मोजके, मागणी थोडी. त्यामुळे चाळीस घरांच्या यंत्राला आपल्याकडे दोन लाखांहून अधिक रुपये पडतात. बाजाराच्या नियमानेच चालायचे ठरवले तर ही किंमत कधीच उतरणार नाही, कारण ज्यांना यंत्र हवे आहे त्यांच्यापाशी पैसा नाही. हे ओळखून निरनिराळ्या देशांतील अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र निधी उभारला आणि 'ऑर्बिट रीडर २०' हे वीस घरांचे यंत्र घडवून घेतले. २०१६ साली ते लोकांपुढे आले आणि पाचशे डॉलरांच्या आसपास विकले जाऊ लागले. त्याच्या खुंट्या सावकाश हलतात, आवाजही करतात. परंतु सामूहिक खरेदीने काय साधते, हे त्याने दाखवून दिले.

यंत्र हाती आले म्हणजे संगणकाशी त्याचे सूत जुळतेच असे नाही. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी; तिच्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर हवा, आणि संगणकाची प्रणाली बदलली की तो निकामी. २०१८ साली यूएसबी मानके ठरवणाऱ्या मंडळाने ब्रेल डिस्प्लेसाठी समान मानक मान्य केले. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्या त्यात सहभागी होत्या. ते पाळणारे यंत्र कळफलकासारखे जोडताच चालावे, असा त्याचा हेतू आहे. मात्र ते पाळण्याची सक्ती कुणावर नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तर एवढेच करावे की वीस घरांच्या ओळीची कल्पना डोळ्यांपुढे आणावी. 'पुढे जाण्यासाठी कृपया येथे दाबा' असे बटणाचे नाव ठेवले तर वाचकाची ओळ एका बटणातच संपते. बटणाला नावच नसेल, नुसते चित्र असेल, तर बोटांखाली 'बटण' एवढाच शब्द येतो. ते पैसे पाठवणारे की अर्ज रद्द करणारे, हे कळायला मार्ग नाही. काही सूचना चार-पाच सेकंदांत मावळतात. बोट तिथे पोहोचेपर्यंत सूचना गेलेली असते. यांपैकी एकाही दुरुस्तीला मोठा खर्च नाही. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आज विनामूल्य मिळतो, त्याची संहिता सर्वांना खुली आहे आणि असली कित्येक पथ्ये तो पाळतो. जे खुल्या सहकारातून होऊ शकले ते कोट्यवधींची कंत्राटे घेणाऱ्यांना का होऊ नये?

मराठीची अडचण आणखी वेगळी. १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारले गेले. तीत हलन्ताचा बिंदू व्यंजनाच्या आधी लिहितात; संगणकात हलन्त व्यंजनानंतर साठवला जातो. 'क्ष' व 'ज्ञ' यांना ब्रेलमध्ये एकेकच घर, संगणकात तीन-तीन चिन्हे. म्हणून एखाद्या घरावरची कळ दाबल्यावर मूळ मजकुरातल्या नेमक्या जागी पोहोचायचे, तर रूपांतराचे कोष्टक अचूक पाहिजे. 'लिबलुई' या खुल्या रूपांतर-संचात मराठीचे कोष्टक आहे. ते तपासायला ब्रेल जाणणारे मराठी भाषक हवेत आणि त्या कामाला वेतन हवे.

पण कोष्टक कितीही चांगले असले तरी मजकूर युनिकोडमध्ये असल्याशिवाय उपयोग नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी हे आतून इंग्रजी चिन्हांचे कडबोळे असते. डोळ्यांना 'ठराव' दिसतो, बोटांना निरर्थक अक्षरे लागतात. सही-शिक्क्यानिशी स्कॅन केलेले परिपत्रक म्हणजे तर नुसते छायाचित्र. आपल्या तालुका कार्यालयातून निघणारी पत्रके कशात टंकली जातात, हे प्रत्येकाने परत गेल्यावर पाहावे.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४२ वे कलम माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. नियमांतली मानके ऐच्छिक ठेवून ही जबाबदारी सैल झाली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक मानके करण्याचा आदेश दिला. आदेश कागदावर राहू न देणे हे आपले काम आहे, आणि ते जिल्ह्यात करता येते. पालिकेच्या संगणक-प्रणालीच्या निविदेत दोन अटी घालून घ्या: काम ताब्यात घेण्यापूर्वी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून, तिला मेहनताना देऊन, चाचणी व्हावी, आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. दुसरे, महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे. जिल्ह्यातल्या 'अ' वर्गाच्या एका तरी ग्रंथालयात ब्रेल डिस्प्ले असावा आणि पुस्तकासारखा तो घरी नेता यावा. कुलूपबंद कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवण्यासाठी तो नको. या मागणीचे निवेदन ग्रंथालय संचालनालयाकडे द्यायचे आहे. मसुदा तयार आहे. सह्यांची सुरुवात आजच करू.