दवाखान्यासमोरून गेलेली गाडी



मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, दवनीवाड्यातल्या धान पिकवणाऱ्या घरातला मुलगा आहे. म्हणून एका रात्रीचंच सांगतो.

रोवणीचे दिवस होते. चाचांना बांधावर साप चावला. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही गोंदियाला निघालो. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेतच लागलं. मी म्हटलं, इथं दाखवू. अब्बू म्हणाले, "सरकारी आहे, इथं काय होणार?" गाडी थांबली नाही. खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी पुन्हा बोललो नाही.

खाजगी दवाखान्यात आधी पैसे भरायला लागले. अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या, पुढच्या हंगामाचं धान त्यातच गेलं. अल्लाहच्या कृपेनं चाचा वाचले.

नंतर मी चौकशी केली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. सरकारीत वेगळं, खाजगीत वेगळं असं काही नसतं. सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं. तिथं पहिला उपचार सुरू करून १०८च्या गाडीनं पुढं पाठवता येतं. म्हणजे आम्ही नुसते पैसेच नाही घालवले, विष चढत असताना वेळही घालवला.

मग थांबलो का नाही? इज्जत, दुसरं काय! आपल्याकडे "खाजगीत नेलं" हे कौतुकानं सांगतात. सरकारीत नेलं तर नातेवाईक विचारतात, "एवढे पैसे नव्हते का?"

सरकारीत सगळं छान आहे, असं मी म्हणत नाही. कुठं पदं रिकामी असतात, कुठं औषध संपलेलं असतं. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे आपल्यातल्या किती जणांनी घरी सांगितलंय? खाजगी दवाखान्यांना दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं, हा २०२१चा नियम तरी? त्या रात्री आम्ही भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

यंदा रोवणीआधी मी केंद्रात जाऊन विचारलं, प्रतिविष आहे का? सिस्टरनी फ्रीज उघडून कुप्या दाखवल्या. घरी येऊन सांगितलं. अब्बू काही बोलले नाहीत. अम्मीनं मात्र चुलीवरच्या भिंतीवर खडूनं १०८ लिहून ठेवलंय.